लामावर (लढाईवर) गेलेला आपला माणूस शोधताना: सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, वारले. घरात त्यांना सगळे ‘बसऱ्याचे आबा’ म्हणायचे. खरं नाव कुणालाच सांगता येत नव्हतं. ते शोधायला मला तीन वर्षं लागली. त्यानंतर कोरेगाव, खटाव, वाळवा, तासगाव अशा बाजूंच्या बऱ्याच घरांना मी त्यांचे आजोबा-पणजोबा शोधायला मदत केली. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे लिहून ठेवलं आहे.

“आजोबा लढाईवर गेले होते” एवढंच माहीत आहे. सुरुवात कुठून करू?

घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपासून. संगणकाकडे नंतर वळा. आत्या, चुलत आजी, माहेरी राहिलेली एखादी म्हातारी, यांना पुरुषांपेक्षा जास्त आठवतं, कारण मनीऑर्डर कुणाच्या नावावर यायची, कुंकू कधी पुसलं आणि वाटण्या कधी झाल्या हे त्यांनी ऐकलेलं असतं.

‘महायुद्ध’ हा शब्द वापरू नका. ‘लाम’, ‘पलटण’, ‘लढाई’ असं विचारा. “कुठं गेले होते?” असं विचारलं तर उत्तर येत नाही. “बसरा, बगदाद, मिसर, रंगून, इटली यांतलं कुठलं नाव घरात कुणी घ्यायचं का?” असं विचारलं की चेहरा बदलतो. बसरा-बगदाद म्हटलं तर बहुतेक पहिलं महायुद्ध. रंगून, इंफाळ, इटली म्हटलं तर दुसरं. पिढ्या मोजूनही अंदाज येतो. १८८० ते १९०० च्या दरम्यान जन्मलेला माणूस पहिल्या युद्धातला, आणि १९०५ ते १९२६ च्या दरम्यानचा दुसऱ्यातला.

पाच गोष्टी मिळवायच्या आहेत: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव, पलटण आणि शिपाई नंबर. पाचही एकदम कुणालाच मिळत नाहीत. यातल्या तीन हाती आल्या तरी पुढचं काम होतं. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि हे याच आठवड्यात करा. दिवाळीला गावी जाईन तेव्हा विचारतो, असं म्हणून मी दोन माणसं गमावली आहेत.

देव्हाऱ्यात एक पदक आहे. त्यावरून काही कळेल का?

बहुतेक वेळा सगळ्यांत जास्त तिथूनच कळतं. पदकाची कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. १९१४-१५ चा तारा असेल तर ही अक्षरं पाठीमागे असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना दिलेली पदकं बहुतेक कोरीच असत. भारतीय फौजेच्या पदकांवर मात्र नाव ठोकून मिळत असे, म्हणून आपल्याकडचा बर्मा स्टार किंवा इटली स्टारही उलटून बघावा.

कृपा करून पदक चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका. आपल्याकडे खंडेनवमीला तलवार-कोयत्याबरोबर पदकही लखलखीत करून पुजायची पद्धत आहे, आणि शंभर वर्षं असं घासल्यावर कडेची अक्षरं बोटालाही लागत नाहीत. अक्षरं झिजली असतील तर दिवे घालवा, बॅटरी अगदी आडवी धरा आणि पदक हळूहळू फिरवत फोटो काढा. नाहीतर कडेवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल फिरवा. गेलेली अक्षरं सावलीसारखी उमटतात.

आमच्या घरी पदक नव्हतं. देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी तळहाताएवढी एक काळपट गोल चकती होती. हातात त्रिशूळ घेतलेली उभी बाई आणि पायाशी सिंह. आजी तिला सिंहवाहिनी म्हणायची, रोज हळदकुंकू वाहायची, नवरात्रात माळ चढवायची. एका उन्हाळ्यात मी ती पाण्यात भिजत घातली आणि दातकोरण्यानं कुंकवाची पुटं काढली. उजवीकडच्या चौकटीत उठावाची इंग्रजी अक्षरं होती. मी ती एकेक करून लावली आणि बसऱ्याच्या आबांचं नाव मोठ्यानं वाचलं. आजी पदर तोंडाला लावून बसली. साठ वर्षं ती त्यांनाच कुंकू लावत होती.

ती ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक मानलेली बाई. युद्धात मेलेल्या शिपायाच्या वारसाला ब्रिटिश सरकारनं दिलेली कांस्याची स्मृतिचकती, साधारण १२ सेंटीमीटर व्यासाची. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नसतो. अशी ‘देवी’ तुमच्याकडे असेल तर आधी चौकट बघा. आणि नाव वाचून झालं की चकती परत देव्हाऱ्यात ठेवा, तिची जागा तीच आहे.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, पण सांगलीच्या नावानं शोधलं तर काहीच येत नाही.

कारण तेव्हा आजचा सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे इस्लामपूर किंवा विट्याच्या शिपायापुढे लष्करी कागदात ‘सातारा’ असणार. ‘सांगली’ असं लिहिलेलं आढळलं तर ते बहुधा पटवर्धनांचं सांगली संस्थान. मिरज आणि जत ही संस्थानं वेगळी. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होती. फलटण स्वतंत्र संस्थान. पलूस आणि कडेगाव हे तालुके अलीकडचे, म्हणून तिथल्या गावांसाठी जुन्या तालुक्याचं नाव घालून शोधावं लागतं.

नावानं शोधलं तरी सापडत नाही. कागद नष्ट झाले असतील का?

बऱ्याचदा कागद असतो, स्पेलिंग वेगळं असतं. भरतीच्या वेळी कारकुनानं कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. ‘जाधव’ हे आडनाव मी चार तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलं आहे. मराठा हा शब्दच पलटणीच्या नावात ‘म’नंतर ‘ह’ घालून लिहीत. कऱ्हाडचंही तसंच. काही ठिकाणी आडनाव नाहीच, नाव आणि बापाचं नाव एवढंच. काही ठिकाणी ‘राव’ चिकटवला आहे, काही ठिकाणी गाळला आहे.

माझी पद्धत अशी: आधी पलटण आणि ‘सातारा’ एवढंच टाकून यादी काढायची, मग गावाच्या नावासारखं काही दिसतं का ते एकेक ओळ वाचत जायचं. वेळ लागतो, पण नाव टाकून शोधण्यापेक्षा यातून जास्त माणसं सापडली आहेत. आणि घरातलं लाडकं नाव टाकू नका. बापू, दादा, आण्णा म्हणून कुणी भरती झालं नाही.

युद्धात मेलेल्यांची यादी कुठे बघायला मिळते?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर, फुकट. ही संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन मुदतींत सेवेत असताना वारलेल्यांची नोंद तिच्याकडे असते. गोळीच लागली पाहिजे असं नाही. तापानं, कॉलऱ्यानं किंवा १९१८ च्या मानमोडीत (इन्फ्लुएंझाच्या साथीत) पलटणीत असताना गेलेला माणूसही यात धरतात. दुसऱ्या महायुद्धातल्या नोंदींत पुष्कळदा आईवडिलांचं नाव, बायकोचं नाव आणि गाव असतं. त्या एका ओळीत आपल्या घराची खूण पटते. मूळ नोंदवहीच्या पानाचं चित्रही उतरवून घेता येतं. तेही घ्या, कारण टंकताना झालेल्या चुका तिथे कळतात.

एक इशारा: पंजाबातल्या पहिल्या महायुद्धाच्या शिपायांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्याची बातमी बऱ्याच जणांनी वाचलेली असते. त्या पंजाबच्या आहेत, आपली गावं त्यात नाहीत.

बसऱ्याच्या स्मारकाचा फोटो पाहिला, त्यावर आमच्या माणसाचं नाव नाही. असं का?

मेसोपोटेमियात वारलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून अधिक जणांसाठी ते स्मारक उभारलं. ब्रिटिश शिपायांची नावं भिंतीवर कोरली. भारतीय पलटणींच्या खाली अधिकाऱ्यांची नावं आणि पुढे ‘इतर इतके’ असा आकडा. शिपायांची नावं वेगळ्या वहीत गेली. हा अन्याय होता, तो पलटणीनं केला नाही की घरच्यांनीही केला नाही, वरून ठरवून झाला. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीनं हे कबूल केलं. ४५ ते ५४ हजार माणसांची, त्यात भारतीय आणि आफ्रिकी मोठ्या संख्येनं, स्मृती बरोबरीनं जपली गेली नाही, असं त्या अहवालात आहे. कमिशननं माफीही मागितली.

म्हणून भिंतीवर नाव नाही म्हणजे माणूस नाही असं समजू नका. वहीत शोधा. ते स्मारक १९९७ मध्ये बसरा शहराजवळून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. तिथवर जाणं सोपं नाही. नाव आपल्या गावात कोरता येतं, त्याविषयी शेवटी लिहिलं आहे.

पलटणीचा आकडा सापडला आहे, १०५ किंवा ११७ असा. आजची कुठली पलटण?

१९२२ मध्ये फौजेची नवी मांडणी झाली आणि मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या. १०३ वी झाली पहिली, म्हणजे ‘जंगी पलटण’. १०५ वी झाली दुसरी, ‘काळी पाचवी’. ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. ११४ वी झाली बेळगावची प्रशिक्षण पलटण. आज सगळ्यांचं घर मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावचं केंद्र.

आकडा कळला की माणूस कुठे होता हेही कळतं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. दाणागोटा संपला, घोडी कापली गेली, आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस खायला नकार दिला आणि उपासमारीनं खंगले. शेवटी सुमारे १३ हजार जण तुर्कांच्या कैदेत गेले. वाळवंटातून पायी नेताना आणि बगदाद रेल्वेच्या कामावर फार माणसं मेली. तुमच्या घरात “आबा रुळाच्या कामावर मेले” असं कुणी म्हणत असेल आणि ते रेल्वेत नोकरीला होते असा तुमचा समज असेल, तर या पलटणींच्या याद्या पुन्हा बघा. मला अशी दोन घरं भेटली आहेत.

दुसऱ्या महायुद्धात मराठे १९४१ ला इरिट्रियातल्या केरनला, १९४२ ला लिबियातल्या तोब्रुकला, १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या संगशाकला आणि इटलीत लढले. ब्रह्मदेशात कबर न मिळालेल्या सुमारे २७ हजारांची नावं रंगूनजवळ तौक्यानच्या स्मारकावर आहेत, आणि तिथे आपल्या शिपायांची नावंही दगडात आहेत.

आमचे आजोबा मराठा पलटणीत नव्हते. मग?

मग त्यांच्या पलटणीच्या रेकॉर्डकडे जायचं. साताऱ्यातला प्रत्येक शिपाई मराठा पलटणीतच होता असं धरून चालल्यानं कितीतरी माणसं शोधाबाहेर राहतात. महार समाजाची लष्कराशी जुनी नाळ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर साताऱ्यात राहिले, बाबासाहेबांची शाळा तिथेच सुरू झाली. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. पहिल्या युद्धात माणसं कमी पडल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे.

बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीचं, केंद्र खडकीला. तोफखाना, खच्चरवाले, डॉक्टरी तुकड्या, मजूर तुकड्या यांतही आपल्याकडचे लोक होते. स्वयंपाकी, भिस्ती, ओझी वाहणारे यांना कागदावर ‘फॉलोअर’ म्हणत आणि त्यांची पदकं कधी चांदीऐवजी कांस्याची असत. घरातलं पदक कांस्याचं निघालं तर खोटं समजून टाकू नका.

ते जिवंत परत आले. मग कुठल्याच यादीत नाहीत. काय करू?

डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक, शोधा. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या सातबाऱ्यांच्या पुडक्यात, पेन्शनच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेलं असतं. त्यात नंबर, भरतीची तारीख, उंची, अंगावरची खूण, वर्तन असं सगळं असतं. ते नसेल तर दुसऱ्या महायुद्धातल्या माणसासाठी त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा. नंबर, हुद्दा, नाव, गाव आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. शीट रोलची (सेवेच्या नोंदींच्या कागदाची) प्रत मागायची आहे असं स्पष्ट लिहा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. म्हातारी माणसं त्याला अजून ‘सोल्जर बोर्ड’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक अनुदान देतं, त्यामुळे आजीला ते मिळत होतं का हे आधी घरी विचारा. मिळत असेल तर नंबर त्या फाइलमध्ये आहे.

पहिल्या युद्धातून परत आलेल्या साध्या शिपायाचा कागद मिळणं कठीण. तिथे पदकाची कड आणि गावचं दप्तर हेच आधार.

गावच्या दप्तरात काय बघायचं?

आधी चावडीची, जुन्या शाळेची, मारुतीच्या देवळाची भिंत बघा. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढं सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या सरकारनं गावोगाव लावल्या होत्या. चुन्याच्या पुटांखाली त्या दडलेल्या असतात. साताऱ्याजवळचं मिलिटरी अपशिंगे सगळ्यांना माहीत आहे, तिथले ४६ जण पहिल्या युद्धात कामी आले. पण तुमच्या गावातले तीन जण असतील तर त्या तिघांचीही पाटी आहे का, ते बघायला हवं.

मग तलाठ्याकडचं किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातलं दप्तर. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्ममृत्यू असतात. फेरफारात वारसनोंद असते: अमुक मयत, त्याचा हिस्सा भावाच्या नावे. परदेशी मेलेल्या माणसाची गावातली एकमेव खूण कधी ही एक ओळच असते. बरंच लिखाण मोडीत आहे. हल्ली मोडी वाचणारे तालुक्याच्या ठिकाणीही भेटतात. फोटो स्वच्छ काढून त्यांना दाखवा, आणि पूर्ण पान दाखवा, नुसती एक ओळ कापून नको.

“आजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता” असं घरात सांगतात. खरं असेल का?

ते ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सगळ्यांत मोठं पदक. तो फार थोड्यांना मिळाला आणि प्रत्येकाची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दोन: नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर. घाडगे रायगडकडचे, जाधव अहमदनगरकडचे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं घाडग्यांचं स्मारक उभारलं.

घरातली गोष्ट खोटी म्हणून टाकू नका. साधं मोहिमेचं पदक तारेच्या आकाराचं असतं, त्याला ‘क्रॉस’ म्हटलं जातं, आणि पुढच्या पिढीत त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस होतो. तुमच्या आजोबांनी काय केलं ते खरं खरं शोधा. वेढ्यात पाच महिने टिकून राहिलेल्या माणसाला आपण उसनं पदक लावायची गरज नाही.

इंग्रजांच्या फौजेत होते हे सांगायला संकोच वाटतो.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा आणि सगळ्यांत हळू आवाजात विचारला जातो. आपल्या जिल्ह्यात तो टोचतो, कारण १९४३ ते १९४६ च्या काळात इथेच क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. एकाच घरातला एक भाऊ इटलीत आणि दुसरा भूमिगत, अशीही घरं मला माहीत आहेत.

ज्या माणसाच्या माणदेशातल्या कोरडवाहू तुकड्यावर बाजरीही धड पिकत नव्हती, त्याला पलटणीचा पगार आणि दोन वेळची भाकरी दिसली. कुणाला बापजाद्यांची रीत, कुणाला पाटलाचा आग्रह. साम्राज्याचा हिशेब साम्राज्याकडे मागावा. बसऱ्याच्या उन्हात तहानेनं गेलेल्या वीस वर्षांच्या पोराकडे तो मागू नये असं मला मनापासून वाटतं. दोघां भावांची नावं एकाच भिंतीवर लावा.

कबर-नोंद काढून देतो म्हणून कुणी पैसे मागतं आहे.

देऊ नका. वर सांगितलेली यादी फुकट आहे. मूळ पदक किंवा डिस्चार्ज बुक तर कुणाच्याही हाती सोडू नका. फोटो पुरतो.

मरणाची तारीख मिळाली. श्राद्ध कधी करायचं?

तिथी माहीत नाही म्हणून असे बहुतेक जण सर्वपित्रीला घातले जातात. तारीख मिळाली की जुन्या पंचांगावरून तिथी काढता येते, गावचे गुरुजी काढून देतात. शस्त्रानं मेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी, आपण जिला घातचतुर्दशी म्हणतो, ती आहेच. नोंदीत ‘मारला गेला’ आहे की ‘वारला’ हे त्यासाठी नीट वाचा. आमचे आबा तापानं गेले असं निघालं, म्हणून आम्ही त्यांची तिथीच धरतो. आजी होती तोवर त्या दिवशी ती त्यांचं नाव घेऊन पान वाढायची, बसऱ्याचे आबा म्हणायची नाही.

गावात फलक लावायचा आहे. त्यावर काय लिहावं?

नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पलटण, कुठे गेले, कधी गेले. मराठीत, आणि मोठ्या अक्षरात. परत आलेल्यांचीही नावं घाला. सगळ्या आळ्यांतली, सगळ्या जातींतली नावं एकाच फलकावर, वयानं किंवा तारखेनं लावलेली. ग्रामसभेत यादी वाचून दाखवा, चुका तिथेच निघतात: “हा आमचा नव्हे, वरच्या आळीतला.” ‘वीर’, ‘अमर’ असे शब्द घालून जागा भरू नका, त्या जागेत गावाचं आणि बापाचं नाव बसतं. दगड ग्रॅनाइटचा घ्या, उन्हात टिकतो. आणि खाली चार-पाच ओळींची जागा कोरी ठेवा. फलक लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ट्रंकेतून डिस्चार्ज बुक घेऊन येतं.